मदतीची अट आणि सुधारणेची इच्छा

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही संस्था अधिकृतपणे बंद झाली आणि तिचे उरलेसुरले काम तेथील परराष्ट्र खात्याकडे वर्ग करण्यात आले. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात स्थापन झालेली ही संस्था सहा दशकांहून अधिक काळ गरीब देशांना मदतीचा हात देत होती आणि त्या हातात बहुधा एक लगामही असे. आपल्याकडे या बातमीचे स्वागत दोन तऱ्हांनी झाले. मदत थांबली, आता गरीब देशांचा विकास खुंटणार, अशी हळहळ एका बाजूने व्यक्त झाली. दुसऱ्या बाजूने समाधानाचा सुस्कारा ऐकू आला की, बरे झाले, परक्यांच्या धोरणात ढवळाढवळ करणारे एक दुकान बंद झाले. या दोन्ही प्रतिक्रिया परस्परविरोधी दिसत असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. पैसा देणारा देश पैसा घेणाऱ्या देशाचे धोरण ठरवू शकतो, बदलू शकतो, ही ती समजूत. तिची शहानिशा करण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. भारताच्याच इतिहासात १९६६ हे एक वर्ष असे आहे की, त्याच देणाऱ्याने, त्याच घेणाऱ्यावर, एकाच वेळी दोन गोष्टींसाठी दबाव आणला. त्यांतली एक गोष्ट रुजली, दुसरी उन्मळून पडली. का, याचे उत्तर शोधले तर परकीय मदतीविषयीचे बरेचसे भ्रम दूर होतात.

आधी त्या काळाची पार्श्वभूमी. अमेरिकी संसदेने १९५४ साली संमत केलेल्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्यान्वये तेथील अतिरिक्त धान्य सवलतीच्या अटींवर परदेशांना दिले जाऊ लागले. भारताने १९५६ साली या योजनेखाली पहिला करार केला. गव्हाची किंमत रुपयांत चुकवायची आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा राहायचे, अशी ती व्यवस्था. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला ती सोयीची वाटली यात नवल नाही. पण सोयीची सवय झाली आणि सवयीतून परावलंबन आले. बाहेरचे स्वस्त धान्य येत राहिल्याने शेतीकडे लक्ष देण्याची निकड दिल्लीला वाटेनाशी झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा सारा भर अवजड उद्योगांवर होता आणि शेतकऱ्याने स्वस्तात पिकवून शहरांना पुरवावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. (महाराष्ट्रातील जुन्या पिढीला रेशनच्या दुकानातील ती लाल मिलो ज्वारी आठवत असेल. पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत परदेशी गव्हासोबतच आले असे मानले जाते; ते मात्र आजतागायत आपला पिच्छा सोडायला तयार नाही.)

१९६५-६६ साली पावसाने दगा दिला. आदल्या वर्षी सुमारे ८ कोटी ९० लाख टन असलेले अन्नधान्याचे उत्पादन ७ कोटी २० लाख टनांवर घसरले. पुढच्या वर्षीही दुष्काळच. त्यातच सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले आणि अमेरिकेने दोन्ही देशांची मदत रोखली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी धान्याचे दीर्घ मुदतीचे करार करण्याचे नाकारले आणि थोडे थोडे धान्य, तेही वेळोवेळी स्वतः परवानगी देऊन, सोडण्याचा पवित्रा घेतला. व्हिएतनामच्या युद्धावर भारत करीत असलेली टीकाही त्यांना रुचत नव्हती. १९६६ साली भारताने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केले. जहाज बंदराला लागायचे आणि त्यातला गहू थेट रेशन दुकानाच्या वाटेला लागायचा. गोदामात साठवायला काही उरत नसे. लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळ उपास करण्याचे आवाहन केले आणि घराघरांतून त्याला प्रतिसाद मिळाला, तो याच काळात. अडलेल्या देशाकडे सावकार कसा पाहतो, याचा अनुभव त्या पिढीने घेतला.

या अडलेल्या अवस्थेत भारताकडे दोन मागण्या आल्या. पहिली मागणी रुपयाची. जागतिक बँकेने बर्नार्ड बेल यांच्या नेतृत्वाखाली पाठविलेल्या अभ्यासगटाने भारताने रुपयाचे अवमूल्यन करावे आणि आयातीवरील निर्बंध सैल करावेत, अशी शिफारस केली होती. तसे केल्यास मदत देणाऱ्या देशांचा गट वर्षाला सुमारे ९० कोटी डॉलरची, विशिष्ट प्रकल्पाला न बांधलेली मदत काही वर्षे देईल, असे आश्वासन होते. ६ जून १९६६ रोजी अर्थमंत्री सचिंद्र चौधुरी यांनी अवमूल्यन जाहीर केले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. देशात संतापाची लाट उसळली. डाव्यांपासून जनसंघापर्यंत सर्वांनी विरोध केला; पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी तर अवमूल्यनावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. सत्तारूढ काँग्रेसचे अध्यक्ष कामराज हेही या निर्णयाच्या विरोधात होते. म्हणजे ज्या पक्षाने निर्णय घेतला त्या पक्षालाच तो आपला वाटत नव्हता.

पुढे काय घडले? पाऊस पडला नाही. शेतमालावर आधारलेली निर्यात वाढण्याऐवजी घटली. आश्वासन दिलेली मदत पहिल्या वर्षी आली, नंतर आटली. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसने अनेक राज्यांतील सत्ता गमावली. महागाई दुष्काळाने वाढवली होती, पण लोकांच्या लेखी गुन्हेगार ठरले ते अवमूल्यन. दोन वर्षांच्या आत आयातीवरचे निर्बंध आणि निर्यातीची अनुदाने पुन्हा मूळ पदावर आली आणि मग गाडी उलट्या दिशेने सुटली. १९६९ चा मक्तेदारी नियंत्रण कायदा, १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, परवान्यांचे वाढत गेलेले जंजाळ, हे सारे त्यानंतरचे.

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. १९६६ चे अवमूल्यन आर्थिकदृष्ट्या सर्वस्वी चुकीचे नव्हते. रुपयाचा अधिकृत भाव वास्तवाशी फारकत घेऊन बसला होता आणि त्याचा फटका निर्यातदाराला बसत होता. चूक औषधात नव्हती. ते कोणाच्या हातून आणि कोणाच्या दटावणीने घ्यावे लागले, यात होती. कान सोनारानेच टोचावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण येथे सोनार परका होता आणि कान टोचून घेणाऱ्याचे हात बांधलेले होते. परिणामी ‘अवमूल्यन’ हा शब्दच राजकारणात अस्पृश्य झाला. पुढची पंचवीस वर्षे कोणत्याही अर्थमंत्र्याला तो उघडपणे उच्चारण्याचे धैर्य झाले नाही. दबावाखाली केलेली सुधारणा फसली, एवढेच तिचे नुकसान नाही. जी सुधारणा आपण कदाचित आपल्या बुद्धीने दहा वर्षांत केली असती, ती तिने एक पिढीभर लांबवली.

आता दुसरी मागणी, शेतीची. शेतीवर अधिक खर्च करा, खतांचा वापर वाढवा, शेतकऱ्याला किफायतशीर भाव द्या, असा जॉन्सन प्रशासनाचा आग्रह होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये भारताचे अन्नमंत्री चि. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांच्यात रोम येथे गुपचूप समझोता झाला आणि भारताने या गोष्टी मान्य केल्या. वरवर पाहता हीसुद्धा शरणागतीच. पण त्या समझोत्यातील बहुतेक कलमे सुब्रमण्यम यांच्या स्वतःच्या आराखड्यातील होती! जून १९६४ मध्ये खाते हाती आल्यापासून ते याच गोष्टींसाठी झगडत होते. शेतमालाच्या भावांसाठी आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ ही दोन्ही १९६५ च्या प्रारंभी, म्हणजे रोमच्या समझोत्याच्या कितीतरी आधी, अस्तित्वात आली होती. खतांसाठी परकीय चलन देण्यास अर्थ मंत्रालय नाखूश होते, नियोजनकारांचा शेतीवरील विश्वास तोकडा होता. सुब्रमण्यम यांना या घरच्या विरोधकांवर मात करायची होती आणि त्यासाठी बाहेरचा दबाव त्यांनी खुबीने वापरून घेतला. घोडा कोणाचा, यापेक्षा त्यावर मांड कोणाची आहे हे अधिक महत्त्वाचे असते.

दिल्लीतल्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर त्यांनी नव्या जातीचा गहू पेरून दाखवला. डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेतील त्यांचे सहकारी बुटक्या जातीच्या गव्हाच्या चाचण्या आधीपासून घेत होते. नॉर्मन बोरलॉग यांचे बियाणे मेक्सिकोत तयार झाले होते. १९६६ साली भारताने मेक्सिकोकडून १८,००० टन बियाणे विकत घेतले. ‘विकत’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. दानात मिळालेला गहू खाऊन संपतो, विकत घेतलेले बियाणे पेरले जाते. रॉकफेलर आणि फोर्ड या अमेरिकी प्रतिष्ठानांची मदत झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकऱ्याने कूपनलिका खोदल्या, लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने शेतावर जाऊन वाण दाखवले आणि सरकारने भावाची हमी दिली, ही तीन कामे कोणत्याही परकीय मदतीने झाली नसती. १९६४-६५ मध्ये १ कोटी २३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९७०-७१ मध्ये २ कोटी ३८ लाख टनांवर गेले.

या कथेतला सर्वांत बोलका तपशील राजकीय आहे. १९६७ च्या निवडणुकीत स्वतः सुब्रमण्यम पराभूत झाले. त्यांच्या जागी जगजीवनराम आले, आणि धोरण तसेच पुढे चालू राहिले. मंत्री गेला, पण धोरण टिकले. कारण तोवर त्याला शास्त्रज्ञ, शेतकरी आणि राज्य सरकारे असे स्वतःचे वारस मिळाले होते. अवमूल्यनाला असा एकही वारस नव्हता.

हा केवळ भारताचा अनुभव नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पॉल कॉलियर यांनी केनियाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. पंधरा वर्षांच्या काळात केनियाच्या सरकारने शेतीविषयक एकच सुधारणा जागतिक बँकेला चार वेळा विकली. पैसे हाती पडले की सुधारणा मागे घ्यायची, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी पुन्हा तीच पुढे करायची. बँकेतील अधिकाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. परंतु कर्ज वाटणे हेच ज्याचे काम, त्याला कर्ज न देणे परवडत नाही. याउलट दक्षिण कोरियाचा दाखला. कोरियन युद्धानंतर तो देश जवळजवळ अमेरिकी मदतीवर जगत होता आणि तोवर त्याची प्रगती यथातथाच होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मदत आक्रसू लागली, तेव्हा आता आपल्यालाच कमवावे लागणार हे ओळखून १९६१ नंतर त्या देशाने निर्यातीची कास धरली. २०१० साली तोच कोरिया मदत देणाऱ्या श्रीमंत देशांच्या समितीचा सदस्य झाला.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाला आकडेमोडीतही बांधून पाहिले. क्रेग बर्नसाइड आणि डेव्हिड डॉलर या जागतिक बँकेतील दोघांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात म्हटले की, चांगले धोरण असलेल्या देशात मदतीने विकासाचा वेग वाढतो, वाईट धोरण असलेल्या देशात वाढत नाही. निष्कर्ष सुटसुटीत होता, त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये तो फार गाजला. २००४ साली विल्यम ईस्टर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गणितात आणखी काही वर्षांची माहिती घातली, तेव्हा तो निष्कर्ष टिकेना. त्यावरचे वाद आजही चालू आहेत. ते विद्वानांवर सोपवू. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांतील मतैक्याचा भाग पुरेसा आहे: मदतीच्या आमिषाने धोरण सुधारते, असे दोन्ही पक्षांतील कोणीही ठामपणे म्हणत नाही.

१९९१ साली भारत पुन्हा एकदा कड्याच्या टोकावर उभा राहिला. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवले गेले, तेव्हा सामान्य माणसाच्या मनाला जो चटका बसला तो आकड्यांत सांगता येणार नाही. आपल्या घरात सोने गहाण टाकणे म्हणजे काय, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज आले, अटीही आल्या. डॉ. मनमोहनसिंग यांचा अर्थसंकल्प नाणेनिधीने लिहून दिला, असा आरोप तेव्हा सर्रास होत होता. परंतु औद्योगिक परवाने रद्द करणे, आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करणे, या गोष्टींची चर्चा दिल्लीच्या फायलींतून आणि समित्यांच्या अहवालांतून कित्येक वर्षे चालू होती. १९९० सालीच मोंटेकसिंग अहलुवालिया यांची अशा सुधारणांची टिपणी पंतप्रधान कार्यालयात तयार होती. संकटाने दार उघडले, पण आत ठेवलेले सामान आपलेच होते. म्हणूनच नाणेनिधीचे कर्ज फिटल्यानंतरही, नरसिंह रावांपासून वाजपेयींपर्यंत वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी ती वाट सोडली नाही. २००३ साली वाजपेयी सरकारने अनेक छोट्या देणगीदार देशांना आता आपली द्विपक्षीय मदत नको, असे नम्रपणे कळवले. आणि २००९ साली रिझर्व्ह बँकेने २०० टन सोने विकत घेतले, ते त्याच नाणेनिधीकडून.

परक्याचा प्रत्येक सल्ला कटकारस्थान असतो, असा अर्थ मात्र यातून काढू नये. आपल्याच महाराष्ट्रातील दाभोळच्या वीज प्रकल्पाची आठवण पुरेशी आहे. १९९३ साली एन्रॉनच्या त्या प्रकल्पाला अर्थसाहाय्य देण्यास जागतिक बँकेने नकार दिला होता. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे तिचे मत होते. तो सल्ला आपल्या हिताचा होता आणि आपण तो ऐकला नाही. त्याची किंमत राज्य वीज मंडळाने आणि पर्यायाने ग्राहकाने मोजली. तसेच, शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूसाठी जपानचे स्वस्त कर्ज घेतल्याने आपला स्वाभिमान कमी झाला नाही. अनेक दशके कागदावर असलेला, आपल्याला हवा असलेला पूल त्या पैशाने उभा राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘अटल सेतू’ या नावाने खुला झाला. जे आपण ठरवले आहे त्यासाठी पैसा उसना घेणे वेगळे, आणि पैसा मिळतो म्हणून काय करायचे ते ठरवणे वेगळे.

या जुन्या गोष्टी आज उकरून काढण्याचे कारण असे की, टेबलाच्या ज्या बाजूला १९६६ साली भारत बसला होता, तिच्या समोरच्या खुर्चीत तो आता बसू लागला आहे. १९६४ पासून चालू असलेला तांत्रिक प्रशिक्षणाचा कार्यक्रम, एक्झिम बँकेमार्फत दिली जाणारी सवलतीची कर्जे, मालदीवला २०२४ साली दिलेली ४० कोटी डॉलरची आणि ३,००० कोटी रुपयांची चलन-अदलाबदलीची सोय, हा आता आपल्या परराष्ट्रनीतीचा नित्याचा भाग आहे. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, तेव्हा इंधन, औषधे आणि अन्नासाठी भारताने त्या वर्षात सुमारे ४०० कोटी डॉलरचा आधार दिला. जानेवारी २०२३ मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेची हमी नाणेनिधीला देणारा पहिला मोठा धनको देशही भारतच होता. वीजदर वाढवा, करवसुली सुधारा, हे कडू घोट पाजण्याचे काम नाणेनिधीकडे राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. नाणेनिधीच्या कराराचे ते कडवे टीकाकार, पण सत्तेवर आल्यावर त्यांनी त्याची चौकट मोडली नाही. हे शहाणपण भारताने शिकवलेले नाही, नाणेनिधीनेही नाही. पेट्रोलच्या रांगांत उभ्या राहिलेल्या श्रीलंकेच्या मतदाराने ते शिकवले असावे.

भारताने येथे संयम दाखवला, याचे समाधान आहे. पण आपल्याच कर्जयोजनांच्या नियमांत एक कलम आहे, त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. सवलतीच्या कर्जातून होणाऱ्या खरेदीपैकी साधारणतः ७५ टक्के वस्तू आणि सेवा भारतातून घेतल्या पाहिजेत, असे ते कलम. आपल्या उद्योगांना काम मिळावे हा हेतू रास्त आहे. तथापि, १९६० च्या दशकात मदत देणाऱ्या देशांकडूनच यंत्रे घेण्याच्या अटीविरुद्ध आपले नेते परदेशांत तक्रार करीत असत, हे विसरून चालणार नाही. याच्या शेजारी भूतानमधील चुखा जलविद्युत प्रकल्प ठेवून पाहावा. ३३६ मेगावॅटच्या त्या प्रकल्पाला भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिले, उरणारी वीज स्वतः विकत घेण्याची हमी दिली आणि पुढे प्रकल्प भूतानच्या हवाली केला. भूतानला हक्काचे उत्पन्न मिळाले, भारताला वीज. नदी त्यांची होती, ती वापरण्याचा निर्णयही त्यांचा होता. आफ्रिकेतील साखर कारखान्यांपासून शेजारच्या रेल्वेमार्गांपर्यंत आज भारताच्या कर्जातून जी कामे चालू आहेत, त्यांतली किती या कसोटीला उतरतात आणि किती केवळ आपल्या कंत्राटदारांच्या सोयीने आखली गेली आहेत, याचा जाब परराष्ट्र मंत्रालयाला संसदेत विचारला जायला हवा.